सप्तशृंगीच्या वनौषधी, मोबाइलचे मनोरे आणि कर्करोग

नाशिकहून दिंडोरीमार्गे वणीकडे निघाले, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव लागतात. मांडवांवरून उच्चदाबाच्या वीजवाहिन्या जातात, वस्त्यांच्या कडेला मोबाइलचे मनोरे उभे दिसतात आणि समोर सातमाळा रांगेचे उभे कडे येतात. ‘वणीची देवी’ म्हणून सर्वत्र ख्यात असलेल्या सप्तशृंगीचे ठाणे प्रत्यक्षात वणी गावात नाही. वणी दिंडोरी तालुक्यात, तर गड कळवण तालुक्यात, नांदुरीच्या माथ्यावर. या डोंगराविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. मूर्च्छित लक्ष्मणासाठी मारुतीने द्रोणागिरी उचलून नेला, त्याचा एक तुकडा येथे पडला आणि म्हणून हा डोंगर औषधी वनस्पतींनी समृद्ध झाला. परिसरातील कोकणा व महादेव कोळी समाजांकडे झाडपाल्याचे परंपरागत ज्ञान आहे, हे तर आख्यायिकेपलीकडचे वास्तव.

कर्करोगाबाबत अशा परिसरात दोन समजुती घट्ट रुजलेल्या आढळतात. मनोऱ्यामुळे आणि वीजवाहिनीमुळे कर्करोग होतो, ही पहिली. डोंगरावरच्या मुळीने तो बरा होतो, ही दुसरी. एकाच घरात दोन्ही सुखाने नांदतात. दोहोंच्या मुळाशी सत्याचा अंश आहे, मात्र तो जिथे समजला जातो तिथे नाही. वनस्पतींनी कर्करोगावरची काही अत्यंत प्रभावी औषधे दिली आहेत, पण ती मुळी उगाळून मिळालेली नाहीत. विद्युतचुंबकीय क्षेत्रांचा पेशींवर परिणाम होतो, परंतु त्याचा सर्वांत ठोस पुरावा आज मिळतो तो रोग होण्याचा नव्हे, तर एका उपचाराचा.

नंदुरबारचे वाणी आणि दोन झाडे

या विषयाच्या जागतिक इतिहासात उत्तर महाराष्ट्राचे एक नाव अग्रभागी आहे. चैत्रातल्या यात्रेला ज्या खानदेशातून भाविक पायी वणीच्या गडावर येतात, त्याच खानदेशातील नंदुरबार येथे १९२५ मध्ये मनसुख वाणी यांचा जन्म झाला. (वणी आणि वाणी हे साधर्म्य केवळ योगायोगाचे.) मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राच्या पदव्या घेऊन ते अमेरिकेत गेले, १९६१ मध्ये इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि उत्तर कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्यासमवेत काम करू लागले. या जोडीने कर्करोगाच्या उपचारात क्रांती घडविणारी दोन द्रव्ये शोधली. १९६६ मध्ये चीनमधील एका झाडापासून कॅम्टोथेसिन आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू वृक्षाच्या सालीपासून टॅक्सॉल. वाणी यांचे २०२० मध्ये निधन झाले. महाराष्ट्रात त्यांचे नाव ज्या प्रमाणात माहीत असायला हवे, त्या प्रमाणात ते नाही.

टॅक्सॉलची कथा औषधनिर्मितीतील चिकाटीचा नमुना आहे. सालीचे नमुने १९६२ मध्ये गोळा झाले आणि अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी औषधाला मान्यता मिळाली १९९२ मध्ये. मध्ये तब्बल तीस वर्षे गेली. द्रव्य पाण्यात विरघळत नव्हते, सालीत ते अत्यल्प होते आणि साल काढली की वृक्ष मरत असे. ‘झाड वाचवायचे की रुग्ण’ असा वाद अमेरिकेत पेटला. अखेर युरोपातील यू वृक्षाच्या पानांत मिळणाऱ्या एका पूर्वद्रव्यावर रासायनिक प्रक्रिया करून औषध बनविण्याचा मार्ग सापडला. पाने पुन्हा येतात, त्यामुळे वृक्ष तोडण्याची गरज उरली नाही. त्याच पूर्वद्रव्यापासून डोसिटॅक्सेल हे भावंड-औषधही निघाले.

नरक्या

कॅम्टोथेसिनचा धागा मात्र थेट सह्याद्रीत येतो. गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की हे द्रव्य पश्चिम घाटातील एका लहानशा वृक्षातही आहे, आणि तेही चिनी झाडापेक्षा अधिक प्रमाणात. फुलांच्या दुर्गंधीमुळे मराठीत त्याला ‘नरक्या’ असे बोचरे नाव पडले. लॅटिन नावातही तीच दुर्गंधी होती. महाबळेश्वरपासून सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गापर्यंतच्या जंगलांत तो वाढतो. शतकानुशतके कुणी त्याकडे ढुंकून पाहिले नव्हते.

१९७० च्या दशकात कॅम्टोथेसिनचा सोडियम क्षार रुग्णांना देऊन पाहण्यात आला. मूत्राशयातून रक्तस्राव आणि अन्य विषारी परिणाम इतके तीव्र होते, की चाचण्या थांबवाव्या लागल्या. द्रव्य जवळजवळ टाकून दिले गेले. पुढे १९८५ मध्ये उलगडा झाला, की पेशीविभाजनापूर्वी डीएनएचा पीळ सोडविणाऱ्या टोपोआयसोमरेझ-१ या विकराला ते जखडून टाकते. अशी कार्यपद्धती तोपर्यंत कोणत्याही औषधात आढळली नव्हती. त्यानंतर रेणूची रचना बदलून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे बनली. दोहोंना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. अंडाशयाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ती वापरली जातात.

मागणी वाढताच दुर्लक्षित नरक्यावर कुऱ्हाड पडली. मूळ, खोड, साल या सर्वांतच द्रव्य असल्याने झाड मुळासकट उपटले जाते. पश्चिम महाराष्ट्रात नरक्याची चोरटी तोड आणि वाहतूक हा वन विभागाच्या डोकेदुखीचा विषय ठरला. विशेष असे, की या तोडीत मिळणाऱ्या लाकडाचा थेट उपचारासाठी काहीही उपयोग नसतो. अर्क काढणे, शुद्धीकरण, रासायनिक फेरफार आणि मिलिग्रॅममध्ये मोजलेली मात्रा या पायऱ्यांनंतरच ते औषध होते. नरक्याची पूड चहाच्या चमच्याने घेणे म्हणजे त्या बंद पडलेल्या चाचणीची घरगुती पुनरावृत्ती करण्यासारखे आहे.

कुंपणावरची सदाफुली

सदाफुलीला देवळाच्या आवारात आणि घराच्या कुंपणावर फुललेली पाहण्याची सवय असल्याने ती येथलीच वाटते. तिचे मूळ मादागास्करचे. मधुमेहावरचा घरगुती काढा म्हणून जमैकातून तिची पाने कॅनडात पोचली. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी उंदरांना अर्क दिला, तेव्हा रक्तातील साखर काही उतरली नाही. पण पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. पांढऱ्या पेशींचा अतिरेक म्हणजे रक्ताचा कर्करोग, हे लक्षात येताच दिशा बदलली. १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन जाहीर झाले, तर त्याचे भावंड व्हिन्क्रिस्टिन १९६३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. बालकांच्या तीव्र रक्तकर्करोगात आज प्रगत केंद्रांत ८० ते ९० टक्के मुले वाचतात. अनेक औषधांच्या एकत्रित वापराचे हे यश आहे आणि व्हिन्क्रिस्टिन त्यातील आधारस्तंभांपैकी एक आहे.

एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे अर्धा टन वाळलेली पाने लागतात. त्यामुळे रोज सकाळी दोन पाने चावणाऱ्याच्या पोटात औषधाची मात्रा जात नाही, तर अनेक अल्कलॉइडांचे बेहिशेबी मिश्रण जाते. शुद्ध औषधही काही सौम्य नाही. व्हिन्क्रिस्टिन केवळ शिरेतून द्यावे लागते. चुकून पाठीच्या कण्यातील द्रवात टोचले गेले तर ते जीवघेणे ठरते. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी यीस्टच्या जनुकांत फेरफार करून व्हिनब्लास्टिनची पूर्वद्रव्ये टाकीत तयार करून दाखविली. शेतातील पिकावरचे अवलंबित्व कमी होण्याचा तो एक मार्ग आहे.

दिंडोरीची द्राक्षे आणि एक गोळी

द्राक्षपट्ट्यात हमखास निघणारा विषय म्हणजे सालीतील रेझव्हेराट्रॉल. १९९७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात शिकागोतील संशोधकांनी हे द्रव्य प्रयोगशाळेत आणि उंदरांत कर्करोगाच्या निरनिराळ्या टप्प्यांना रोखते, असे प्रसिद्ध केले आणि रेड वाइनचे गुणगान सुरू झाले. वाइन उद्योगाला ते सोयीचेही होते. परंतु एका लिटर रेड वाइनमध्ये हे द्रव्य काही मिलिग्रॅमच असते. माणसांवरील एका चाचणीत रोज ५ ग्रॅम देण्यात आले. तेवढे वाइनमधून घ्यायचे तर शेकडो लिटर प्यावी लागेल, आणि मद्य स्वतःच कर्करोगकारक आहे. मायलोमाच्या रुग्णांवरील ती चाचणी मूत्रपिंडांवरील दुष्परिणामांमुळे २०१० मध्ये थांबविण्यात आली.

मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील इंद्रनील मित्रा यांच्या गटाने याच द्रव्याचा वेगळ्या पद्धतीने विचार केला आहे. मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेले गुणसूत्रांचे कण निरोगी पेशींत शिरून हानी करतात, असे त्यांचे प्रतिपादन. अल्प मात्रेतील रेझव्हेराट्रॉल आणि तांबे एकत्र आले, की प्राणवायूचे क्रियाशील रेणू तयार होतात आणि ते या कणांचे तुकडे करतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘शंभर रुपयांत कर्करोग रोखणारी गोळी’ अशा मथळ्यांनी ही बातमी देशभर गाजली. मथळे संशोधनाच्या बरेच पुढे धावले. माणसांवरचे जे प्रयोग प्रसिद्ध झाले होते ते लहान होते आणि मुख्यतः उपचारांचे दुष्परिणाम कमी होतात का, हे पाहणारे होते. कर्करोग उलटणे टळते की नाही, हे ठरविण्यास मोठ्या, यादृच्छिक चाचण्या लागतात.

मनोरे आणि वाहिन्या

आता दुसऱ्या समजुतीकडे. विद्युतचुंबकीय क्षेत्र हा एकच शब्द फार वेगवेगळ्या गोष्टींना लावला जातो, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. क्ष-किरण रेणूंचे बंध तोडतात. त्यांच्यापासून कर्करोग होतो हे निर्विवाद. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्‌झ लहरींतील एका फोटॉनची ऊर्जा रासायनिक बंध तोडण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे दहा लाखाव्या हिश्शाएवढी असते. तीव्रता वाढली तर ऊती तापतात, हा या लहरींचा सिद्ध परिणाम. सर्व सुरक्षा-मर्यादा त्यावरच बेतलेल्या आहेत. त्याहून कमी तीव्रतेला, तापमान न वाढता, काही घडते का, हा चार दशकांचा वाद आहे.

वीजवाहिन्यांच्या ५० हर्ट्‌झ क्षेत्राचा प्रश्न १९७९ मध्ये पुढे आला. अमेरिकेतील डेन्व्हर येथे नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांना रक्तकर्करोग झालेल्या मुलांची घरे जास्त प्रवाहाच्या तारांजवळ अधिक आढळली. पुढे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २००० मध्ये निष्कर्ष निघाला, की घरातील सरासरी चुंबकीय क्षेत्र ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा अधिक असेल, तर बालकांतील रक्तकर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट दिसतो. इतके क्षेत्र असलेल्या घरांत राहणारी मुले एक टक्क्याहून कमी होती. हा संबंध कारणाचा आहे, की अभ्यासातील निवडीच्या दोषाचा, हे ठरलेले नाही. प्राण्यांवरील प्रयोगांनी त्याला पाठबळ दिले नाही. या पुराव्यावर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे क्षेत्र ‘२ब’ म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकले. मे २०११ मध्ये मोबाइलच्या लहरीही त्याच गटात गेल्या.

‘२ब’चा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. ही यादी धोका किती मोठा हे सांगत नाही. पुरावा किती पक्का एवढेच सांगते. त्याच यादीत कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे. मनोऱ्याला विरोध करणाऱ्या सोसायटीच्या गच्चीवर कोरफडीची कुंडी असतेच, पण तिच्याविरुद्ध अद्याप कुणी मोर्चा काढलेला नाही.

महाराष्ट्रात या वादाला धार आली ती मुंबई आयआयटीतील विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार विभागाला सादर केलेल्या अहवालाने. मनोऱ्यांसाठी तेव्हाच्या मर्यादा फारच सैल आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. १ सप्टेंबर २०१२ पासून केंद्राने मनोऱ्यांची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशींच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्‌झसाठी ती दर चौरस मीटरला ४.५ वॅटवरून ०.४५ वॅट झाली. हा निर्णय सावधगिरीचा होता. अपाय सिद्ध झाल्याचा नव्हता. २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ सुरू करून आपल्या भागातील मनोऱ्याची माहिती पाहण्याची आणि शुल्क भरून मोजणी करून घेण्याची सोयही झाली. मोजणीत बहुधा असे आढळते, की शरीरात सर्वाधिक ऊर्जा जाते ती दूरच्या मनोऱ्यातून नव्हे, तर कानाला लावलेल्या फोनमधून. मनोरा दूर असेल तर फोन अधिक जोर लावतो, ही त्यातली गंमत.

पुरावा आज कुठे उभा आहे? अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०१८ मध्ये उंदरांवरील प्रदीर्घ प्रयोगाचा अहवाल दिला. दिवसाला नऊ तास, दोन वर्षे, संपूर्ण शरीराला लहरी दिलेल्या नरांत हृदयातील एक विशिष्ट अर्बुद अधिक आढळले. याच नरांचे आयुष्य लहरी न दिलेल्या नरांपेक्षा अधिक भरले, हे मात्र बातम्यांत फारसे आले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात माणसांत मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. तिच्याच पुढाकाराने झालेल्या २०२५ च्या दुसऱ्या आढाव्याने प्राण्यांतील पुरावा मात्र दखलपात्र मानला. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. जगभर फोनचा वापर अनेक पटींनी वाढूनही मेंदूच्या कर्करोगाचे प्रमाण त्या ओघाने वाढलेले नाही.

सिअ‍ॅटलची प्रयोगशाळा

या लेखातील दोन्ही विषय एकाच टेबलावर आले ते वॉशिंग्टन विद्यापीठात. हेन्री लाय आणि भारतीय वंशाचे नरेंद्र पाल सिंग यांनी १९९५ मध्ये असे प्रसिद्ध केले, की कमी तीव्रतेच्या सूक्ष्मलहरींनी उंदरांच्या मेंदूपेशींतील डीएनए तुटतो. सिंग यांनी १९८८ मध्ये विकसित केलेली ‘कॉमेट’ चाचणी त्यासाठी वापरली होती. तुटलेला डीएनए सूक्ष्मदर्शकाखाली धूमकेतूच्या शेपटीसारखा पसरतो, म्हणून हे नाव. निष्कर्षाने खळबळ माजली. सेंट लुइस येथील गटाला १९९७ मध्ये तो परिणाम आढळला नाही, आणि वाद अद्याप मिटलेला नाही. त्याच १९९५ साली या दोघांनी दवण्याच्या कुळातील चिनी वनस्पतीपासून मिळणाऱ्या आर्टेमिसिनिन या हिवतापाच्या औषधाच्या एका रूपावरही निबंध लिहिला. कर्करोगाच्या पेशी लोह अधिक शोषतात. हे द्रव्य लोहाच्या संपर्कात आले की घातक रेणू सुटतात. तेव्हा ते कर्करोगाच्या पेशींना निवडून मारेल, अशी ती सुंदर कल्पना. आर्टेमिसिनिनच्या शोधासाठी तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले ते हिवतापासाठी. कर्करोगाच्या उपचारात ते अजून सिद्ध व्हायचे आहे.

चातीवर दोघांची गाठ

पेशी दुभंगते तेव्हा तिच्यात सूक्ष्मनलिकांची एक रचना उभी राहते. सूत कातण्याच्या चातीसारखी, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती. गुणसूत्रांची समान वाटणी ती करते. सदाफुलीची द्रव्ये या नलिका बनूच देत नाहीत. यू वृक्षाचे टॅक्सॉल नेमके उलटे करते: बनलेल्या नलिका सुटू देत नाही, हे सुझान हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखविले. दोन्ही बाबतींत वाटणी अडते आणि पेशी मरते. केस गळणे आणि पांढऱ्या पेशी घटणे हे दुष्परिणामही त्यातलेच, कारण केसांच्या मुळाशी आणि अस्थिमज्जेत पेशी सतत दुभंगत असतात. हातापायांना येणाऱ्या मुंग्यांचे कारणही सूक्ष्मनलिकाच. मज्जातंतूंना त्या वाहतुकीसाठी लागतात.

इस्रायलमधील योराम पाल्टी यांनी २००४ मध्ये दाखवून दिले, की १०० ते ३०० किलोहर्ट्‌झचे सौम्य आलटते विद्युतक्षेत्रही विभाजनात अडथळा आणते. नलिकांचे घटक विद्युतदृष्ट्या ध्रुवीय असल्याने क्षेत्र त्यांची जुळणी बिघडवते, असे स्पष्टीकरण दिले जाते. त्यावर मतभेद आहेत. यातून डोक्याला चिकटवायच्या पट्ट्यांचे उपकरण बनले. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमासाठी त्याला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. दिवसातून १८ तास ते लावावे लागते. मोठ्या चाचणीत मध्यक आयुष्य १६ महिन्यांवरून सुमारे २१ महिन्यांपर्यंत वाढले. खोटे उपकरण लावलेला तुलनेचा गट नसल्याने या चाचणीवर टीका झाली, आणि ती रास्त आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठीही मान्यता मिळाली, ती डोसिटॅक्सेल किंवा प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधांच्या जोडीने. यू वृक्षाच्या पानांचे औषध आणि विद्युतक्षेत्र असे येथे प्रत्यक्ष एकत्र आले. एकूण रुग्णांत मध्यक आयुष्य ९.९ वरून १३.२ महिने झाले. केवळ डोसिटॅक्सेल घेणाऱ्यांत फरक दिसला, पण तो निर्णायक नव्हता.

अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास गावोगावच्या कुटुंबांना माहीत असावा असा आहे. शरीरात न पसरलेला, म्हणजे बरा होण्याजोगा कर्करोग असताना ज्यांनी मान्य उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अडीच पट आढळले. स्तनाच्या कर्करोगात पाच पटींहून अधिक. मुळी घेण्यापेक्षाही मुळी घेत काढलेले सहा महिने अनेकदा महाग पडतात.

दोन्ही एकदमच घेऊ, हा मध्यममार्गही निर्धोक नाही. २००२ मध्ये नेदरलँड्समध्ये इरिनोटेकान घेणाऱ्या रुग्णांना उदासीनतेवरची एक लोकप्रिय युरोपीय वनौषधी देऊन पाहण्यात आली. वनौषधीने यकृतातील विकरे चेतवली आणि औषधाच्या क्रियाशील रूपाचे रक्तातील प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले.  फरक कळला तो रक्ताच्या तपासणीत. म्हणूनच केमोथेरपी सुरू करण्यापूर्वी कोणकोणते काढे, चूर्णे आणि गोळ्या चालू आहेत, हे डॉक्टर खोदून विचारतात, आणि गडावरून आणलेली पुडी त्या यादीत सांगायची राहून जाते.